परीक्षेच्या भीतीला आकडा देण्याआधी: मानसशास्त्रीय मोजपट्टी तयार कशी करावी, तपासावी कशी

डिसेंबर उजाडला की मला दरवर्षी त्याच विनंतीचे फोन येऊ लागतात. कधी एखाद्या शाळेतले सर असतात, कधी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. "मॅडम, दहावीच्या पोरांचं टेन्शन मोजायचंय, एखादी प्रश्नावली द्या की." प्रश्नावली देता येते. पण ती भरून घेतल्यावर हाती जो आकडा येतो त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे फोनवर पाच मिनिटांत सांगून होत नाही. त्या आकड्यावरून एखाद्या पोराला 'भित्रा' म्हटलं जातं, एखाद्या आईची झोप उडते. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवते: दहावीच्या मुलांची परीक्षेची भीती, वीस वाक्यांची मोजपट्टी.

'टेन्शन' हा शब्द आधी फोडा

टेन्शन या एका शब्दात आपण काय काय कोंबतो बघा. पेपर हातात आल्यावर डोकं रिकामं होणं, घरच्यांचा धाक, अभ्यास झाला नाही म्हणून मन खाणं, शेजारच्या मुलाशी होणारी तुलना. या सगळ्याला मिळून एक आकडा दिला, तर तो नेमका कशाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून कागद घ्या आणि चार-पाच ओळींत लिहा: परीक्षेची भीती म्हणजे माझ्या लेखी काय, आणि काय नाही. 'काय नाही' हा भाग विसरू नका. एरवीही सतत काळजी करणारा मुलगा आणि फक्त परीक्षा म्हटलं की गार पडणारा मुलगा, हे दोघे वेगळे.

मी भीतीचे तीन भाग करते: मनातले विचार, शरीरात जाणवणाऱ्या गोष्टी आणि वागणं, म्हणजे पुस्तक टाळणं, परीक्षेच्या दिवशी शाळेत जायला नको म्हणणं. वीस वाक्यं हवी असतील तर सात, सात आणि सहा अशी वाटणी आधीच ठरवते. ती ठरवली नाही की सगळी वाक्यं विचारांवरच येतात, कारण लिहिताना आपल्याला तीच पटकन सुचतात.

वाक्यं लिहिणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

वीस हवीत तर चाळीस लिहा. निम्मी गळणारच आहेत.

इंग्रजी मोजपट्टी समोर ठेवून शब्दाला शब्द लावत गेलं की काय होतं, याचा अनुभव सांगते. करवीर तालुक्यातल्या एका शाळेत मी भाषांतर केलेली वाक्यं घेऊन गेले होते. एक वाक्य होतं, "मला काठावर असल्यासारखे वाटते." इंग्रजीत त्या शब्दप्रयोगाचा अर्थ मन ताणलेलं असणं. एका मुलाने हात वर केला: "मॅडम, काठावर म्हंजे पस्तीस मार्कांवर न्हवं?" त्याचं बरोबर होतं. मराठीत 'काठावर' म्हटलं की 'काठावर पास' हेच आठवणार. पुढचं वाक्य होतं, "मला अस्वस्थ वाटते." मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "अस्वस्थ म्हंजे आजारी व्हय?" अर्ध्या वर्गाने आजारी समजूनच खूण केली होती. त्या दिवशी जमवलेले सगळे कागद मी बाजूला ठेवले. त्यांच्यावर पुढे कितीही सुंदर गणित केलं असतं, तरी ते चुकीच्या प्रश्नाच्या उत्तरांचं गणित झालं असतं.

तेव्हापासून मी आधी आठ-दहा मुलांना जवळ बसवते, एकेक वाक्य मोठ्याने वाचायला लावते आणि विचारते, "हे तुझ्या शब्दांत सांग बघू." पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, छातीत धडधडतं, पाठ केलेलं सगळं पुसून जातं: ही वाक्यं मला मुलांनीच दिली आहेत. मोजपट्टी पूर्ण कोल्हापुरी बोलीत लिहावी असं मात्र मला वाटत नाही. कोल्हापूर शहरात राजारामपुरीत राहणाऱ्या मुलीला आणि डोंगराळ गगनबावड्याच्या मुलाला वाक्य सारखंच समजलं पाहिजे. त्यासाठी साधी बोली मराठी पुरते.

एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा. "मला भीती वाटते आणि झोप येत नाही" यात भीती वाटूनही झोपणाऱ्या मुलाने काय करायचं? "मला भीती वाटत नाही असे नाही" असली दुहेरी नकाराची वाक्यं काढून टाका. चार-पाच वाक्यं उलट्या दिशेची ठेवा, जसं "पेपर हातात आला की मी शांतपणे वाचतो". म्हणजे न वाचता एकाच रकान्यात खुणा करत जाणारी मुलं लक्षात येतात.

उत्तरासाठी पाच पायऱ्या: कधीच नाही, फार कमी वेळा, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. अशा पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली, म्हणून तिला लिकर्ट मापनी म्हणतात. दुसऱ्या पायरीसाठी 'क्वचित' हा शब्द मी आता वापरत नाही. बऱ्याच मुलांना तो माहीत नसतो.

आकडा कोणत्या जातीचा आहे?

१९४६ मध्ये एस. एस. स्टीव्हन्स यांनी मापनाच्या चार पातळ्या सांगितल्या. पहिली नुसत्या नावाची: मराठी माध्यमाला १, इंग्रजी माध्यमाला २. या आकड्यांची सरासरी काढण्यात काही अर्थ नाही. दुसरी क्रमाची: कुस्तीत पहिला, दुसरा, तिसरा. पहिल्यात आणि दुसऱ्यात किती अंतर, ते क्रमावरून कळत नाही. तिसऱ्या पातळीत अंतरं सारखी असतात, पण शून्य आपण ठरवलेलं असतं. चौथ्या पातळीत शून्य खरं असतं. गुळाच्या रव्याचं, म्हणजे ढेपेचं, वजन घ्या: वीस किलो म्हणजे दहा किलोच्या दुप्पटच.

तिसरी पातळी समजायला आपल्याकडे पंचगंगा आहे. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर डोळे लावून असतं. २० वरून २१ फूट आणि ४० वरून ४१ फूट, दोन्ही वेळा वाढ एका फुटाचीच. पण ४० फूट म्हणजे २० फुटांच्या दुप्पट पाणी, असं कुणी म्हणणार नाही. त्यातही एक मेख आहे. पाणी पात्राबाहेर पडून शेतात पसरलं की तोच एक फूट चढायला कितीतरी जास्त पाणी लागतं. पट्टीवरचा फूट तेवढाच, त्यामागचं पाणी तेवढंच नाही.

आपल्या मोजपट्टीचंही असंच आहे. 'कधीच नाही' ते 'फार कमी वेळा' आणि 'बऱ्याचदा' ते 'नेहमी', दोन्हीकडे एकेक गुणच वाढतो, पण त्यामागची भीती तितकीच वाढली याची खात्री नाही. काटेकोर बघितलं तर एकेक वाक्य क्रमाच्या पातळीवरच असतं. वीस वाक्यांची बेरीज आपण व्यवहारात तिसऱ्या पातळीची धरतो आणि सरासरी काढतो. ते चालतं. पण "याची भीती तिच्या दुप्पट आहे" असं वाक्य अहवालात कधीही लिहू नका.

भरून घेण्याची पद्धत

सूचना कागदावर लिहून प्रत्येक वर्गात त्याच शब्दांत वाचा. एका तुकडीला गणिताच्या सराव परीक्षेनंतर लगेच आणि दुसरीला स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात बसवू नका. वर्गशिक्षकांना बाहेर थांबायची विनंती करा, नाहीतर मुलं सरांना काय आवडेल ते लिहितात. शाळेची आणि पालकांची लेखी संमती आधी घ्या. दुसऱ्या कुणाची छापील चाचणी वापरायची असेल, तर तिचीही परवानगी घ्या. आधी तीसेक मुलांवर चाचपणी करा. नंतरच्या विश्लेषणाला दोनशेच्या आसपास मुलं असली की आकडे स्थिर राहतात.

हाताने करून बघण्याचं गणित

संगणक एका क्षणात उत्तर देतो, पण एकदा हाताने केल्याशिवाय ते उमगत नाही. समजा चारच वाक्यं आहेत आणि पाच मुलं. त्यांचे गुण असे:

अ: ५, ४, ५, ४, बेरीज १८
ब: ४, ४, ३, ४, बेरीज १५
क: ३, ३, ३, २, बेरीज ११
ड: २, ३, २, २, बेरीज ९
इ: १, १, २, ३, बेरीज ७

बेरजांची सरासरी १२. आता प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर काढा: ६, ३, −१, −३, −५. त्यांचे वर्ग करून मिळवले की ८०. पाचाने भागलं की १६. हे विचरण. त्याचं वर्गमूळ ४, ते प्रमाण विचलन. मुलं सरासरीच्या आजूबाजूला किती पसरली आहेत, ते त्यातून कळतं.

हेच एकेका वाक्यासाठी करा. पहिल्या वाक्याचं विचरण २, दुसऱ्याचं १.२, तिसऱ्याचं १.२, चौथ्याचं ०.८. एकूण ५.२. आता ५.२ आणि १६ शेजारी ठेवून बघा. वाक्यं सुटी सुटी असती, एकमेकांशी त्यांचा संबंध नसता, तर बेरजेचं विचरणही ५.२ च्या आसपासच राहिलं असतं. ते १६ झालं, कारण एका वाक्यात वर असलेलं मूल बाकीच्यांतही वरच आहे. वाक्यं एका दोरीत ओवलेली आहेत.

ली क्रॉनबाख यांचा १९५१ चा अल्फा गुणांक नेमकं हेच मोजतो. ५.२ ला १६ ने भागा: ०.३२५. एकातून वजा करा: ०.६७५. याला वाक्यांची संख्या भागिले एकाने कमी संख्या, म्हणजे ४/३ ने गुणा. उत्तर ०.९०. विचरण काढताना पाचाने भागा किंवा चाराने, अल्फा तोच येतो. फक्त सगळीकडे एकच रीत ठेवा.

आता एक चूक मुद्दाम करून बघू. चौथं वाक्य उलट्या दिशेचं होतं आणि तुम्ही त्याचे गुण उलटवायला विसरलात, असं धरा. मग त्या रकान्यात ४, ४, २, २, ३ ऐवजी २, २, ४, ४, ३ असेल. बेरजा होतात १६, १३, १३, ११, ७. त्यांचं विचरण ८.८ आणि अल्फा ०.५५. वाक्यं तीच, मुलं तीच. ही चूक मी स्वतः केली आहे. एका विद्यार्थिनीसोबत तीन दिवस आम्ही वाक्यांत दोष शोधत बसलो होतो, आणि दोष एक्सेलच्या एका रकान्यात होता. पाच पायऱ्यांच्या उत्तरात उलटवण्याची रीत सोपी आहे: सहातून गुण वजा करा. ते करण्याआधी मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा.

प्रत्येक वाक्याचा उरलेल्या वाक्यांच्या बेरजेशी सहसंबंधही काढा. दोन गोष्टी किती सोबत वर-खाली होतात ते तो सांगतो: पूर्ण सोबत असतील तर १, काहीच संबंध नसेल तर ०, उलट दिशेने गेल्या तर उणे. वरच्या उदाहरणात पहिल्या वाक्याचा येतो ०.९८ आणि चौथ्याचा ०.५९. पाच मुलांवरून काहीच ठरवायचं नसतं. खऱ्या नमुन्यात तो ०.३० च्या खाली गेला की मी त्या वाक्यापाशी थांबते. उणे आला, तर आधी उलटवणं राहिलं का ते तपासते. हे सगळं जामोवी किंवा जास्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांची गल्लत

बाजारातला एखादा काटा प्रत्येक वेळी बरोब्बर दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो. तोच रवा दहा वेळा ठेवा, आकडा तोच. काटा विश्वसनीय आहे, पण खरा नाही. सप्रमाणता, म्हणजे ज्याला काहीजण वैधता म्हणतात, ती वेगळी गोष्ट. जे मोजतो म्हणतो तेच तो मोजतो का, हा तिचा प्रश्न.

विश्वसनीयता एकाच प्रकारची नसते. अल्फा वाक्यांचा आपापसातला मेळ सांगतो. पंधरा दिवसांनी त्याच मुलांकडून पुन्हा भरून घेतलं, तर दोन वेळांचा सहसंबंध काळाबरोबर गुण किती टिकतो ते सांगतो. मात्र मधे निकाल लागला, तर भीतीच बदललेली असते. संशोधनाला ०.७० च्या वर आणि एकेका मुलाबद्दल निर्णय घ्यायला ०.९० च्या आसपास विश्वसनीयता हवी, असा सर्वसाधारण दंडक आहे. वाक्यं वाढवली की ती वाढते. स्पिअरमन आणि ब्राउन यांच्या १९१० च्या सूत्राने दहा वाक्यांची विश्वसनीयता ०.६० असेल, तर तशाच वीस वाक्यांची ०.७५ होते. पण तेच वाक्य चार प्रकारे लिहून अल्फा फुगवण्यात काही कमाई नाही. ०.९५ चा अल्फा दिसला की मी कौतुक करण्याआधी वाक्यं वाचते.

सप्रमाणतेसाठी एकच आकडा नसतो, पुरावे गोळा करावे लागतात. तीन-चार जाणकारांना वाक्यं दाखवा आणि आपल्या व्याख्येचा कोणता भाग सुटला ते विचारा. परीक्षेच्या भीतीची दुसरी प्रमाणित चाचणी त्याच मुलांना द्या, सहसंबंध चांगला यायला हवा. आणि हा तपास कुणी करत नाही, पण कराच: मुलांच्या मराठी वाचनाच्या वेगाशी सहसंबंध काढा. तो मोठा आला, तर तुमची मोजपट्टी वाचन मोजते आहे.

सहसंबंधाला वरची मर्यादाही असते, ती स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवली. एका चाचणीची विश्वसनीयता ०.८४ आणि दुसरीची ०.७० असेल, तर दोन्हींनी अगदी तीच गोष्ट मोजली तरी सहसंबंध ०.७७ च्या आसपासच अडेल. म्हणून ०.६० आला तर लगेच निराश होऊ नका.

प्रत्येक गुणाच्या पदरात चूक असते

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. समजा आपल्या वीस वाक्यांच्या मोजपट्टीची सरासरी ५८, प्रमाण विचलन १० आणि विश्वसनीयता ०.८४ आली. मापनाची प्रमाण चूक अशी काढतात: एकातून ०.८४ वजा करा, ०.१६. त्याचं वर्गमूळ ०.४. त्याला प्रमाण विचलनाने गुणा: ४.

एका मुलाला ६६ मिळाले. म्हणजे त्याचा खरा गुण (मोजण्यातली चूक नसती तर मिळाला असता तो) ६२ ते ७० मध्ये असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, आणि ५८ ते ७४ मध्ये असण्याची सुमारे ९५ टक्के. आता हे पर्सेंटाइलमध्ये बघा. सीईटीमुळे हा शब्द घराघरांत पोचला आहे, तरी ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण, हा गैरसमज अजून भेटतो. पर्सेंटाइल म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत. ६६ वजा ५८, भागिले १०, म्हणजे सरासरीपासून ०.८ प्रमाण विचलन वर. गुण घंटेच्या आकारात पसरलेले असतील, म्हणजे बहुतेक मुलं मधे आणि दोन्ही टोकांना थोडी, तर ही जागा ७९ पर्सेंटाइलची. पण मोजण्यातली ही चूक हिशोबात धरली, तर तो मुलगा ५० पर्सेंटाइलपासून ९४-९५ पर्यंत कुठेही असू शकतो. वर्गाच्या अगदी मध्यावर किंवा अगदी वर. नुसतं ७९ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

दोन मुलांची तुलना करताना चूक आणखी वाढते. ४ ला दोनच्या वर्गमूळाने गुणा: सुमारे ५.७. एकाला ६६ आणि दुसऱ्याला ६१ असेल, तर पाच गुणांचं अंतर त्या चुकीच्या आतच आहे. खात्रीने वेगळं म्हणायला ११ ते १२ गुणांचं अंतर हवं.

कुणाशी तुलना करायची, आणि रेघ कुठे मारायची

गुणाला अर्थ येतो तो प्रमाणकांमुळे, म्हणजे ज्या गटाशी आपण तुलना करतो त्यामुळे. पॅरिसमधल्या मुलांसाठी १९०५ मध्ये बिने आणि सिमॉन यांनी बुद्धिमापनाची चाचणी केली. ती आपल्याकडे आणताना व्ही. व्ही. कामत यांना धारवाडात मराठी आणि कानडी मुलांवर ती नव्याने बसवावी लागली. 'बिने-कामत' हे नाव आजही ऐकू येतं ते त्या मेहनतीमुळे. पुण्यातल्या एका शाळेतली सरासरी शाहूवाडीच्या मुलांना लावू नका. प्रमाणकं कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, किती मुलांवर काढली, हे लिहून ठेवा.

"सरासरी अधिक एक प्रमाण विचलन, म्हणजे ६८ च्या वरचे सगळे भीतिग्रस्त" ही रेघ मला प्रबंधांत फार दिसते. तशी रेघ मारली, तर घंटेच्या आकाराच्या कुठल्याही गटात सुमारे १६ टक्के मुलं तिच्या वर येणारच, सगळा वर्ग निवांत असला तरी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे गेल्या काही वर्षांची सरासरी काढून ठरत नाही. त्या पातळीला पाणी कुठवर येतं, कुणाला हलवावं लागतं, याच्याशी त्या रेघा बांधलेल्या आहेत. तुमची रेघही अशाच कशाशी तरी बांधा: कोणत्या गुणांपासून पुढे मुलं पेपर अर्धवट सोडतात, परीक्षेला गैरहजर राहतात, समुपदेशनात मदतीची गरज दिसते. तो तपास होईपर्यंत रेघ न मारलेली बरी.

अहवाल आणि त्यानंतरचा तास

पालकांसाठी मी असं लिहिते: "या मोजपट्टीवर मुलाचा गुण ६६ आहे. खरा गुण ५८ ते ७४ च्या दरम्यान असण्याची बरीच शक्यता आहे. परीक्षेची भीती वर्गाच्या मध्यापासून बऱ्याच वरपर्यंत कुठेही असू शकते. हे निदान नाही." मुलांची नावं फलकावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा शिक्षकांच्या बैठकीत जाता कामा नयेत. कागदांवर क्रमांक ठेवा, नावांची यादी वेगळ्या कुलपात. एखाद्या मुलाने कागदावर जगण्याला कंटाळल्याचं काही लिहिलं असेल, तर विश्लेषणाची वाट पाहू नका. त्याच दिवशी त्याला भेटा, पालकांना आणि तज्ज्ञांना सोबत घ्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक तुमच्या आणि शाळेच्या फोनमध्ये आधीच जतन असू द्या.

मग ६६ गुणांच्या त्या मुलाचा कागद परत हातात घ्या. बेरीज बाजूला ठेवा आणि त्याने 'नेहमी'वर खूण केलेली वाक्यं तेवढी वाचा. विचारांची सातही वाक्यं 'कधीकधी'वर आणि "हातपाय गार पडतात", "छातीत धडधडतं", "पोटात गोळा येतो" ही तिन्ही 'नेहमी'वर असू शकतात. त्याला बोलवा, शेजारी बसवा, ते वाक्य दाखवा आणि विचारा, "हे पेपर हातात आल्यावर होतं, का सकाळी घरातून निघतानाच?"